पाच वाजताचा खेळ

"कारखानीसबाई, हा पाच वाजताचा खेळ मुलांना दाखवण्यासारखा आहे का?"

सूर्यवंशी सरांनी हे मला सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा नाश्त्याच्या रांगेत, दुसऱ्यांदा लिफ्टमध्ये आणि आता जेवणाच्या टेबलाशी, मी डाळभाताची ताटली घेऊन उभी असताना.

"सर, त्याच्यापुढे लाल फुली मारलीय ना मी," मी म्हणाले. "लाल फुली म्हणजे मुलांना न्यायचं नाही."

"फुली दिसली मला. तुम्ही स्वतः पाहिलाय का खेळ?"

माझ्या मागे कुणाला दही हवं होतं, कुणाचं केबिनचं कार्ड हरवलं होतं आणि नागपूरचे एक काका बोटीवर जैन जेवण मिळत नाही म्हणून माझ्यावर रुसले होते. ते स्वतः जैन नव्हते, पण शेजारच्यांसाठी रुसले होते.

"पाहिलाय," मी म्हणाले.

मी तो पाहिलेला नव्हता.

सरांनी मान हलवली. शर्टाच्या खिशातून माझ्या हस्ताक्षरातला कागद काढला, त्याची चौघडी केली आणि परत खिशात ठेवला. "मग प्रश्न मिटला," ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून नव्हे, बायकोकडे बघून. वत्सलाकाकू ताटावरून तशाच उठल्या. ताटात अख्खी पोळी होती. आठवडाभर मी त्यांना ताटात शीतसुद्धा टाकताना पाहिलं नव्हतं. मला काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात दही संपलं असं कुणीतरी ओरडलं आणि मी तिकडे धावले.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दादरच्या एका सहल कंपनीत टूर मॅनेजर होते. सिंगापूर, मलेशिया आणि शेवटी दोन रात्री बोटीवर, अशी आमची सहल. बोटीवर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांचं एक मोठं इंग्रजी पत्रक मिळायचं. त्यातलं आपल्या लोकांना काय चालेल ते निवडून, मराठीत एका पानावर उतरवून, त्याच्या प्रती काढून बावीस केबिनच्या दारांखालून सरकवणं हे माझं काम. मुलांना नेण्यासारख्या कार्यक्रमापुढे हिरवी खूण, नेऊ नये त्यापुढे लाल फुली. लोक त्या कागदावर डोळे मिटून चालायचे. आईबाप मुलांना सांगायचे, "मॅडमनी फुली मारलीय, आता हट्ट करायचा नाही."

आधीच्या फेरीत माझी एक हिरवी खूण चुकली होती. एकाच नावाचे दोन खेळ होते, संध्याकाळचा घरच्यांसाठी आणि त्याच्यानंतरचा फक्त मोठ्यांसाठी, आणि मी वेळ चुकीची लिहिली. तीन कुटुंबं मुलांचे डोळे झाकत बाहेर आली. तक्रारीचं पत्र दोन पानी होतं. आमचे देवधर साहेब म्हणाले, "हेमलता, अजून एक तक्रार आली की टेबलावर बसून व्हिसाचे फॉर्म भरायचे." टेबलाच्या नुसत्या विचारानं मला कसंतरी व्हायचं. मला एका जागी बसवत नाही, शाळेतही बसवत नसे. म्हणून मी कानाला खडा लावला होता. जरा शंका आली की लाल फुली. पाच वाजताच्या खेळाच्या चित्रात पिसं लावलेल्या, उघड्या पायांच्या चारपाच मुली होत्या. मी खालची ओळसुद्धा वाचली नाही.

सूर्यवंशी सर विट्याचे, निवृत्त मुख्याध्यापक. उंच, सडपातळ, हात मागे बांधून चालायचे, मान थोडी पुढे. दर चार पावलांनी थांबून दोन बोटांनी चष्मा वर सारायचे. बोलण्याआधी घसा खाकरायचे आणि समोरचा गप्प झाल्याशिवाय सुरुवात करायचे नाहीत. बरोबर बायको आणि दोन नातवंडं. सई सहा वर्षांची, यशराज चारचा. मुलांचे आईबाप आले नव्हते, मुलाला कारखान्यातून रजा नव्हती म्हणे. एवढी लहान मुलं घेऊन या वयात दोघंच परदेशी कशाला निघाली, हे आमच्या गटातल्या सगळ्या बायकांना पडलेलं कोडं होतं. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी माईकवर आपापली ओळख करून द्यायची आमच्याकडे पद्धत होती. सर म्हणाले होते, "एक मुलगा, सून, ही दोन नातवंडं. बस." मग माईक काकूंच्या हातात गेला. काकूंनी तो तोंडाशी नेला, तसाच क्षणभर धरला आणि न बोलता पुढच्या माणसाला दिला.

जेवण झाल्यावर मी मुलांना फुगेवाल्याच्या कार्यक्रमाला नेऊन बसवलं, त्याला माझी हिरवी खूण होती. तो फुग्यांचे कुत्रे करत होता. तिथून वर आले, पत्ते खेळणाऱ्यांना भेटले, खाली गेले, कार्ड हरवलेल्यांना नवं कार्ड मिळवून दिलं. पण ती पोळी डोळ्यांसमोरून हलेना. साडेतीनला केबिनमध्ये पाठ टेकायला गेले तर दारात काकू उभ्या.

"बाई, एक विचारू? रागवायचं न्हाई."

"विचारा ना काकू. या, आत या."

त्या आत आल्या नाहीत. "तुम्ही खरंच बघितलाय का तो खेळ?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि ते म्हणवेना. काकूंनी पदराखालून एक पाकीट काढलं. आत फोटो होता. पिसांचा झगा घातलेली एक काळीसावळी मुलगी, हातात भलीमोठी चोच धरून हसत होती.

"ही मुक्ता. आमची."

"आमची म्हणजे?"

"लेक माझी. या बोटीवरच काम करती. पाच वाजताच्या खेळात."

मी फोटोवर वाकले.

काकू हळू आवाजात सांगत होत्या, मधेमधे केबिनबाहेरच्या बोळाकडे बघत. मुक्ता पुण्याला शिकायला गेली, तिथं एका नाचाच्या मंडळींत गेली आणि मग बोटीवर. सहा वर्षांपूर्वी सुट्टीला घरी आली तेव्हा सरांनी तिला ओट्यावरच उभं केलं. "ह्यांनी सांगितलं, माझ्या शाळेतल्या पोरांना दाखवता यील असं काही करशील, त्या दिवशी या घरात ये. तशीच फिरली पोरगी. पाणीसुद्धा प्याली न्हाई." दिवाळीत तिचं पत्र आलं होतं. लहान मुलांचा खेळ बसवलाय, मी त्यात आहे, नातवंडांना घेऊन या आणि तुम्हीच ठरवा.

"मग सर आले की," मी म्हणाले.

"आले. पण तिच्या शब्दावर विश्वास न्हाई. म्हनले, पोरगी सांगणारच की चांगलं हाय म्हणून. तिऱ्हाईत माणसानं सांगितलं पायजे. म्हणून तुम्हाला विचारत्यात सकाळपासनं." काकूंनी फोटो परत पाकिटात घातला. "शाळेत गॅदरिंगच्या आधी एकेक नाच, एकेक नाटक स्वतः बसून बघायचे. दुसऱ्या कुणी बघितलेलं चालायचं न्हाई. पास असलं तर नुसतं उभं राहायचे. टाळी न्हाई, शाबास न्हाई. उभं राहिले की पोरं समजायची. मुक्तीचा नाच दोनदा बघितला आणि दोनदा बसूनच राहिले. ती नववीत होती तवा."

"आणि आता?"

"आता तुम्ही सांगितलं ना, बघितलाय म्हणून. त्यांचं झालं. उद्या सकाळी आपण उतरणार."

खोटं बोलल्याची लाज मला आधीही वाटली होती, नाही असं नाही, पण ती पोटाशी येऊन थांबायची. या वेळी कानापर्यंत गेली. "काकू, मी खेळ पाहिला नाही," मी म्हणाले. "तुम्ही इथंच थांबा. नाही, मुलांकडे जा. साडेचारला वरच्या डेकवर या."

थिएटर चार मजले खाली होतं. लिफ्टची वाट बघवेना म्हणून जिन्यानं धावले. दारावर एक फिलिपिनो माणूस होता, त्यानं दार पावणेपाचला उघडेल असं सांगितलं. मी त्याला काय काय सांगितलं ते आता आठवत नाही. माझी नोकरी, एक म्हातारा, दोन मुलं, सगळं एका दमात. त्यानं शेवटी दार एवढंसं किलकिलं केलं आणि दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं.

आत तालीम चालू होती. रंगमंचावर पुठ्ठ्याचं बेट, त्यावर घरटं, घरट्यात पिवळ्या कपड्यांतली तीन पिल्लं, म्हणजे कसरती करणारी धडधाकट माणसं. चित्रातल्या पिसंवाल्या मुली म्हणजे मागून उडत जाणारे बगळे होते. त्यांनी लांब मोजे घातले होते आणि त्यांच्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. खेळात एकही शब्द नव्हता, सगळं शिट्ट्यांवर. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेवढ्यात म्हातारा करकोचा आला.

चोच, चष्मा, राखाडी झगा. पंख पाठीमागे बांधलेले, मान थोडी पुढे. चार पावलं टाकायचा, थांबायचा, पंखाच्या टोकानं चष्मा वर सारायचा. पिल्लांना ओळीत उभं करायचा, घसा खाकरल्यासारखी शिट्टी वाजवायचा, एकेकाला उडी मारायला लावायचा आणि मान हलवायचा. नाही. पुन्हा. नाही. सगळ्यात लहान पिल्लू तीनदा नापास झालं.

ते चालणं मी आठवडाभर रोज पाहत होते. मुखवट्याच्या आत कोण आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दहा मिनिटं संपली, माणसानं दार लोटलं. मी जिन्यावर उभी राहिले, दोन पायऱ्या चढले, एक उतरले. खेळ मुलांना दाखवण्यासारखा होता. पण सहा वर्षं जिला उंबरा चढू दिला नाही, ती पोरगी भरल्या थिएटरात बापाची नक्कल करत होती आणि पोरं त्याला हसणार होती. हे पाहून हा माणूस काय करेल? पण त्यांनी मला मुलांबद्दल विचारलं होतं, स्वतःबद्दल नाही. मी ठरवलं, जेवढं विचारलंय तेवढंच सांगायचं.

सर वरच्या डेकवर कठड्यालगत येरझाऱ्या घालत होते. चार पावलं, चष्मा. काकू मुलांना घेऊन बाकावर. सईच्या हातात फुग्याचा कुत्रा होता, यशराजचा फुटला होता आणि तो रडून दमला होता.

"सर, दुपारी मी खोटं बोलले. मी खेळ पाहिला नव्हता."

सर थांबले. "मग फुली?"

"चित्र बघून मारली."

"चित्र बघून." त्यांनी ते असं म्हटलं की मला फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटलं.

"आता तालीम बघून आले. दहा मिनिटं. मुलांना दाखवण्यासारखा आहे."

"दुपारी नव्हता, आता आहे. संध्याकाळी काय असेल?"

वारा सुटला होता, काकूंनी सईच्या कानांवरून रुमाल बांधला आणि ती सोडत राहिली. पावणेपाच झाले होते.

"माझ्या शाळेत असतात तर मेमो दिला असता तुम्हाला," सर म्हणाले.

"द्या सर. परवा अभिप्रायाचा फॉर्म मिळेल, त्यावर लिहा, मी तो फाडणार नाही. पण माझ्या शब्दाला किंमत राहिली नसेल तर तुम्ही स्वतः बघा. गॅदरिंगला तसंच बघायचात ना?"

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकू रुमालाची गाठ सोडवत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

"सगळं सांगितलंस वाटतं," सर म्हणाले.

"सांगितलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही आणि तुमचं पास-नापास. उद्या उतरलो की मला पुन्हा कधी दिसंल ती? माझंबी वय झालंय."

सरांनी घसा खाकरला. आम्ही दोघी गप्पच होतो, तरी त्यांना सुरुवात सापडेना. मग म्हणाले, "मुलं दाराबाहेर थांबतील. आधी मी बघतो. कारखानीसबाई, तुम्ही चला बरोबर, तुमच्या दहा मिनिटांनंतरचंही बघा."

थिएटर भरलं होतं. सर बसले नाहीत. मागच्या भिंतीला लागून उभे राहिले, हात मागे. मी त्यांच्या शेजारी. दिवे गेले, बेट दिसलं, पिल्लं आली. सर एकेक गोष्ट बघत होते, कपडे, पाय, बगळे. मी त्यांच्याकडे बघत होते. बगळे उडून गेले तेव्हा त्यांचे खांदे जरा सैल झाले.

मग करकोचा आला.

चार पावलं. चष्मा. पहिल्या रांगेतून एक मूल खदखदून हसलं, मग सगळीच. सर नुसते बघत राहिले. करकोच्यानं पिल्लांना ओळीत उभं केलं, शिट्टी वाजवली, मान हलवली. हशा वाढला. सरांनी मागे बांधलेले हात सोडले, पुढे आणले आणि अंधारात आपलेच तळवे बघितले. पुन्हा मागे न्यायला गेले आणि नेले नाहीत. ते हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

लहान पिल्लू तिसऱ्यांदा नापास झालं आणि सर वळून बाहेर निघून गेले. दार त्यांच्यामागे हळूच लागलं.

संपलं, मी मनात म्हटलं. एकदा न बघता फुली मारून मी एका आईची भेट हुकवणार होते आणि आता बघून, सगळं कळून, त्याहून वाईट करून ठेवलं होतं. पाय बाहेर जायला निघेनात, आत थांबवेना. दाराच्या कडीला हात लावून मी तशीच राहिले.

कडी बाहेरून हलली. दार उघडलं आणि सर आत आले. एका हाताला सई, दुसऱ्या हाताला यशराज, मागे पदर सावरत काकू. माझ्याकडे न बघता ते चौघं मधल्या वाटेनं सरळ पुढे गेले आणि पहिल्या रांगेपुढच्या पायऱ्यांवर बसले. मी मागोमाग जाऊन कडेला टेकले.

मंचावर लहान पिल्लू दोरावरून उडून गेलं होतं. करकोचा एकटाच बेटावर फिरत होता. चार पावलं, थांबणं, चष्मा. संगीत बारीक झालं होतं आणि नेमकं तेव्हाच सई मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, हा तुमच्यासारखा चालतो!"

करकोच्याचा एक पाय वर उचललेला होता. तो तसाच राहिला.

"हळू बोलावं," सर म्हणाले. मग नातीच्या कानाशी वाकले, पण मला ऐकू आलं. "माझंच चालणं आहे ते. तिनं बरोबर उचललंय."

करकोच्यानं पाय खाली ठेवला. पिल्लाला शोधायचं असतं तसा पंख कपाळावर धरून तो प्रेक्षकांत बघू लागला, डावीकडे, उजवीकडे आणि मग समोर पायऱ्यांवर. तिथंच थांबला. संगीत पुढे गेलं, शिट्ट्या झाल्या, दोन पिल्लं त्याचा झगा ओढू लागली, तरी तो हलेना. काकूंनी तोंडावर पदर धरला होता. यशराज विचारत होता, आजी का रडती, आजी का रडती.

आणि सूर्यवंशी सर उभे राहिले.

टाळी नाही, काही नाही. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून उभे राहिले. मागून कुणीतरी चिनीत ओरडलं, कुणी इंग्रजीत "खाली बसा" म्हणालं. दाराशी असतो तो माणूस खाली यायला निघाला, मी त्याला हातानंच थांबवलं. मंचावरच्या करकोच्याची चोच थरथरत होती. मग त्यानं झगा सावरला आणि खेळ पुढे सुरू केला, पण पिल्लू परत येईपर्यंत दोनदा चुकला. पडदा पडेपर्यंत सर बसले नाहीत.

त्यानंतरचं मी पाहिलं नाही. खेळ संपल्यावर कलाकार दारात मुलांबरोबर फोटोला थांबतात, तिथं चोच काढून मुक्ता आली असणार. मी मुद्दाम जिन्यानं वर गेले आणि नागपूरच्या काकांना बोट लागली होती, त्यांना लिंबू आणून दिलं.

मुंबईत परतल्यावर चार दिवसांनी देवधर साहेबांनी मला आत बोलावलं. समोर अभिप्रायाचे फॉर्म होते. वरचा सरळ, टपोऱ्या अक्षरातला.

"वाच," साहेब म्हणाले.

सरांनी तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, "मार्गदर्शक बाईंनी कार्यक्रम स्वतः न पाहता शेरा दिला व विचारल्यावर असत्य सांगितले. नंतर चूक कबूल केली. तरीही पुढे असे होऊ नये."

"खरं आहे?"

"खरं आहे."

"मग एक तारखेपासून टेबल." साहेबांनी फॉर्म परत स्वतःकडे ओढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आणि हे काय? तुझ्या यादीत सूर्यवंशी चौघंच होते ना?"

मी वाकून पाहिलं. कुटुंबातील सदस्य, असं छापलेलं होतं त्याखाली सरांनी आकडे घालून नावं लिहिली होती. आनंदराव, वत्सला, सई, यशराज. त्याखाली पाच नंबर घालून, मुक्ता.

"पाचवं माणूस आलं कुठून?"

"बोटीवर भेटलं."

"काहीतरीच. म्हातारपणी चुकलं असेल." साहेबांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पेन पाचव्या नावावर नेलं.

मी टेबलावर हात टाकून फॉर्म धरला. टूर गेलीच होती, आता आणखी काय जाणार होतं.

"त्याच्यावर फुली नका मारू, साहेब," मी म्हणाले. "सरांनी ते स्वतः बघून लिहिलंय."